निरंक आणि निःशब्द

जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलदारांकडे जाणाऱ्या, माहिती मागविणाऱ्या पत्रांचे विषय ऋतुमानाप्रमाणे बदलतात, कधी पाणीटंचाईचा असतो, कधी अतिवृष्टीचा, कधी विधानसभेतील तारांकित प्रश्नाचा. परंतु पत्राच्या अखेरीस, स्वाक्षरीच्या थोडे वर, जे एक वाक्य येते ते पिढ्या उलटल्या तरी बदललेले नाही: माहिती निरंक असल्यास निरंक अहवाल सादर करावा. हा आग्रह वरकरणी केवळ कागद वाढविणारा वाटतो आणि सरकारी कचेरीची थट्टा करणाऱ्यांनी त्याचीही यथेच्छ थट्टा केलेली आहे. जेथे कळविण्यासारखे काही नाही तेथे तसे लिहून, त्यावर जावक क्रमांक घालून, शिपायाहाती ते रवाना करण्याची तसदी कशाला, असे कोणासही वाटेल. पण परभणी, पूर्णा, पालम, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू आणि जिंतूर या परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी आठांनी वीज पडून दगावलेल्या जनावरांची संख्या कळविली आणि नववा गप्प राहिला, तर त्या नवव्या तालुक्यात काहीच घडले नाही असे धरून गोषवारा पूर्ण करण्याचा अधिकार कोणत्याही कारकुनाला नाही. तेथे खरोखर काही घडले नसेल. संबंधित लिपिक रजेवर असेल. अथवा इतके काही घडले असेल की कळविण्यासही कोणाला उसंत मिळालेली नसेल. या तीन शक्यतांतील पहिली आणि तिसरी यांच्यात जे अंतर आहे ते बुजू नये, एवढ्यासाठी निरंक अहवालाचा जन्म आहे.

त्याला जोडून दुसरीही एक व्यवस्था आहे, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. 'सहा गठ्ठे पद्धत' या नावाने महाराष्ट्रातील कचेऱ्यांत जी दप्तररचना रूढ आहे, तीत नियतकालिकांचा एक स्वतंत्र गठ्ठा असतो. कोणता अहवाल, कोणाकडून, कोणत्या तारखेस यावयाचा याची नोंद आगाऊ करून ठेवलेली असते. या नोंदीवाचून निरंक अहवालाचा हुकूम पोकळ ठरतो, कारण कोणाची वाट पाहावयाची हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला कोण आले नाही हे कळावे कसे?

संगणकांच्या मोठ्या ताफ्यावर देखरेख ठेवण्याची जी विद्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उदयास आली, तिचे निम्मे मर्म या दोन जुन्या शिरस्त्यांत आहे. १९९९ साली ईथन गॅलस्टॅड या अमेरिकन तंत्रज्ञाने जी प्रणाली लोकांपुढे ठेवली आणि जी पुढे 'नॅजिऑस' या नावाने जगभर पसरली, ती ठरावीक अंतराने एकेका यंत्राला हाक मारून ओ येते की नाही हे मुख्यतः पाहत असे. २०१२ साली बर्लिनच्या साउंडक्लाउड या संगीतसंस्थेत सुरू झालेली 'प्रोमिथियस' ही प्रणाली त्यापुढे जाऊन दर काही सेकंदांनी प्रत्येक यंत्राकडून आकड्यांची एक फर्दच गोळा करते. प्रोसेसरवर किती भार आहे, स्मृती किती उरली आहे, डिस्क किती भरली आहे, गेल्या क्षणांत किती विनंत्या आल्या आणि त्यांतील किती फसल्या, असे शेकडो आकडे त्या फर्दीत असतात. परंतु या साऱ्यांच्या आधी ती प्रणाली स्वतः एक आकडा लिहिते: यंत्राने उत्तर दिले तर एक, न दिले तर शून्य. बाकीचे आकडे कितीही मोलाचे असोत, हा हजेरीचा आकडा नसेल तर ते वाचण्यात अर्थ राहत नाही.

आता येथे एक खोच आहे. क्लाउडमध्ये यंत्रे गरजेप्रमाणे तासागणिक निर्माण होतात आणि काम सरताच मोडली जातात. त्यामुळे हजेरीपट हाताने लिहून भागत नाही, तो क्लाउडच्याच नोंदीवरून आपोआप तयार होतो. परिणामी एखादे यंत्र भलत्याच कारणाने मोडले गेले, तर ते हजेरीपटावरूनही नाहीसे होते, आणि ज्याचे नावच पटावर नाही त्याची गैरहजेरी कोणी मांडावी? म्हणून जाणते लोक पटाच्या बाहेर एक वेगळा नियम लिहून ठेवतात: या कामावर निदान इतकी यंत्रे असलीच पाहिजेत. तो नियम म्हणजेच आपल्या कचेरीतील नियतकालिकांची नोंदवही.

शून्य आणि मौन यांतील हा भेद मराठवाड्याच्या शेतकऱ्याला पावसाच्या निमित्ताने चांगला परिचयाचा आहे. महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्याचा 'महावेध' प्रकल्प राज्यात २०१७ पासून सुरू झाला आणि अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली. एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर अथवा अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी समजली जाते, आणि या आकड्यावर पंचनामे, मदत आणि विम्याचे वाद यांची पुढची सारी साखळी लोंबत असते. अशा केंद्रातील पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर तेथून नेमाने फर्द येत राहील, वेळ बरोबर असेल, तापमान बरोबर असेल, आणि पाऊस मात्र शून्य असेल. उलट केंद्राची बॅटरी उतरली तर काहीच येणार नाही. दुसऱ्या प्रकारचा दोष हजेरीने पकडता येतो. पहिला पकडण्यासाठी शेजारच्या मंडळांचे आकडे ताडून पाहावे लागतात, आणि चहूबाजूंना सत्तर-ऐंशी मिलिमीटर पडत असता मधल्याच मंडळाने कोरडे का राहावे, असा प्रश्न विचारण्याची बुद्धी यंत्रात आगाऊ घालून ठेवावी लागते. आकडा मिळाला नाही म्हणून त्या जागी शून्य लिहून मोकळे होणारी संगणकप्रणाली तर मी सर्वांत घातक मानतो. कारण तिने दोन निरनिराळ्या वस्तुस्थितींना एकच चेहरा दिलेला असतो, आणि मागाहून कोणालाही त्या पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत.

हजेरीनंतर नोंदींचा, म्हणजे लॉगचा, विषय येतो आणि त्याचे उत्तम उदाहरण जमिनीच्या दप्तरात आहे; पण तिकडे वळण्यापूर्वी परभणी जिल्ह्याच्या कागदपत्रांचा पूर्वेतिहास थोडक्यात ध्यानी घेतला पाहिजे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. येथील महसुली कारभार १३१७ फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्याने चाले, आणि जुने कागद उर्दूत, मोडीत असे मिश्र आहेत. १९५४-५५ ची खासरा पाहणी ही मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत आजही पुढे केली जाते. १९५६ साली हा मुलूख द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने गाव नमुन्यांचा आजचा संच सर्वत्र एकसारखा लागू झाला. पुढे उतारे संगणकावर चढले. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन करून हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा ताडून पाहण्यात आला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपमधून शेतकरी आपल्या पिकाचे छायाचित्र स्वतःच पाठवू लागला. ज्या काळात उतारे ताडण्याचे हे काम चालू होते त्या काळात तलाठी मंडळींच्या तोंडी 'ओडीसी अहवाल निरंक करणे' हा प्रयोग सतत असे. क्षेत्राचा मेळ न बसणे, खातेदाराचे नाव दुबार असणे अशा विसंगतींच्या याद्या संगणक काढी, आणि त्या एकेक करून शून्यावर आणाव्या लागत.

फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, हे संगणकशास्त्रातील एका महत्त्वाच्या कल्पनेचे इतके नेमके उदाहरण आहे, की ती कल्पना शिकविणाऱ्याने दुसरे उदाहरण शोधूच नये. खरेदीखत झाले, वारस लागले, बोजा चढला, तरी तलाठी थेट सातबाऱ्याला हात लावीत नाही. आधी फेरफार नोंदवहीत अनुक्रमांकाने नोंद होते, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग तिचा अंमल सातबाऱ्याला दिला जातो. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर आधीच्या खातेदाराचे नाव पुसले जात नसे, ते कंसात जाई; आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक असल्यामुळे कोणत्याही क्षणीची स्थिती मागे मागे जात पुन्हा उभी करता येई. आजचे बहुतेक भरवशाचे डेटाबेस अगदी याच क्रमाने वागतात. बदल प्रथम एका लॉगमध्ये, केवळ शेवटी जोडत जाणाऱ्या नोंदींच्या वहीत, लिहिला जातो. ती वही डिस्कवर पक्की झाली याची खातरजमा होते. मगच मूळ तक्त्यात त्याचा अंमल होतो. मध्येच वीज गेली तर यंत्र पुन्हा उठल्यावर लॉग वाचून, ज्या नोंदींचा अंमल राहिला तो पुरा करते. तक्ता गहाळ झाला तरी जुनी नक्कल आणि तेथपासूनचा लॉग यांवरून तो पुन्हा बांधता येतो, पण लॉग गहाळ झाला तर शेवटच्या नकलेनंतर जे घडले ते कायमचे गेले.

दुसऱ्या जातीचे लॉग रोजनाम्यासारखे असतात: त्यांच्यावर कोणाचा हक्क ठरत नाही, पण काय घडले हे त्यांवरूनच कळते. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एरिक ऑलमन याने टपाल वाहणाऱ्या आपल्या प्रणालीसाठी 'सिसलॉग' नावाची सोय केली, आणि नोंदींच्या निकडीच्या शून्यापासून सातापर्यंत आठ पायऱ्या ठरल्या. शून्य म्हणजे सारे कोसळले आहे, सात म्हणजे केवळ दोष शोधणाऱ्यापुरती बारीकसारीक बडबड. ही विभागणी आजतागायत चालू आहे.

जिंतूरच्या एखाद्या सेवा केंद्रावर, खरिपाच्या विम्याची मुदत सरत आलेली असताना, संगणकापुढे बसलेला तरुण बाहेरच्या रांगेला सांगतो, "मामा, साइट चालंना गेली, सांजच्याला या." त्याच्या दृष्टीने 'सर्व्हर डाऊन' एवढे एकच निदान आहे, वस्तुतः रस्त्याच्या खोदकामात तुटलेली फायबरची तार, विजेअभावी बंद पडलेला टॉवर, न पोचलेला ओटीपी, अंगठ्याचा ठसा न घेणारे यंत्र आणि खरोखर आजारी पडलेला सर्व्हर या पाचांतील कोणताही दोष त्या दोन शब्दांत मावतो. लॉग असतात ते हे वेगळे करण्यासाठी. समजा, त्या तरुणाने बटण दाबताच विनंतीला एक क्रमांक मिळाला आणि तो क्रमांक वाटेतल्या प्रत्येक यंत्राने आपापल्या नोंदीत लिहिला. मग पुढील हकिगत वाचता येते. ११ वाजून ४२ मिनिटे ७ सेकंदांनी दारावरच्या यंत्राने विनंती घेतली. त्याच सेकंदात आतल्या यंत्राने ती उचलून डेटाबेसला प्रश्न केला. त्यानंतर तीस सेकंद एकही नोंद नाही. ४२ मिनिटे ३७ सेकंदांनी दारावरच्या यंत्राने मुदत संपली म्हणून ५०४ हा आकडा परत पाठविला, ज्याचा अर्थ इतकाच की, मी जिवंत आहे, पण आतून मला उत्तर आले नाही. आता डेटाबेसचा स्वतःचा रोजनामा उघडावा. तेथे दिसते की तेच काम ४२ मिनिटे ४१ सेकंदांनी सुखरूप पार पडले. चौतीस सेकंदांपैकी तेहतीस सेकंद ते दुसऱ्या एका नोंदीचे कुलूप उघडण्याची वाट पाहण्यात गेले. म्हणजे अर्ज दाखल झाला होता, फक्त तसे सांगणारा चार सेकंद आधी निघून गेला होता. पडद्यावर चूक पाहून तरुणाने पुन्हा बटण दाबले, शेजारच्या केंद्रांवरील शेकडो तरुणांनीही दाबले, आणि आधीच वाट पाहणाऱ्यांची रांग दुप्पट झाली. अशा वेळी नवी यंत्रे जोडण्याचा हुकूम सोडणारा अधिकारी डेटाबेसवरील गर्दी वाढवितो; ते तेहतीस सेकंदांचे कुलूप कोणी अडकवून ठेवले आहे हे शोधणारा माणूसच रांग हलवितो.

पण या साऱ्या वाचनाची एक अट आहे, आणि ती घड्याळाची. वरील उदाहरणात डेटाबेसचे घड्याळ चाळीस सेकंद मागे असते, तर त्याच्या नोंदीप्रमाणे काम ४२ मिनिटे १ सेकंदाला संपले असते, म्हणजे ते करावयास सांगितले त्याच्याही सहा सेकंद आधी! निजामी अमलातील कागद हाताळणाऱ्यांना हा घोळ नवा नाही. फसली सनात सुमारे ५९० मिळवून इसवी सन काढावा लागे; वर्षाचा आरंभ आजूर महिन्यापासून, मग दय, मग बहमन; आणि इसवी वर्ष मध्येच पालटत असल्याने दोन दस्तांपैकी आधीचा कोणता हे ठरविताना मिळवणीचा आकडाही एकाने बदले. संगणकात हाच झगडा जागतिक वेळ आणि भारतीय वेळ यांच्यातील साडेपाच तासांचा असतो. येथे पहाटे दोनला घडलेली घटना जागतिक वेळेने लिहिणाऱ्या यंत्राच्या रोजनाम्यात आदल्या दिवशी रात्री साडेआठला जाऊन बसते. संगणकीय आणीबाणीकडे लक्ष देणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी जे निर्देश काढले, त्यांत सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत खबर देणे आणि लॉग १८० दिवस जतन करणे यांबरोबरच, यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अथवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवण्याचाही हुकूम आहे. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती सहा तासांची. लॉग वाचावे लागतात त्यांना घड्याळाचे कलम अधिक उपयोगी पडते.

आता साठवणुकीकडे. क्लाउड म्हणजे आकाशात काही नाही, दुसऱ्याच्या जागेत भाड्याने ठेवलेले दप्तर आहे, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परभणी पुण्याच्या पूर्वेस आणि हैदराबादच्या वायव्येस, दोहोंपासून तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची मोठी डेटा सेंटरे दिल्ली आणि भुवनेश्वर यांखेरीज या दोन शहरांत आहेत, आणि ॲमेझॉनने आपली केंद्रे मुंबईत २०१६ साली व हैदराबादेत २०२२ साली उघडली. ज्या हैदराबादेस एके काळी परभणीचे कागद उंबरठे झिजवीत जात, तेथेच येथील एखाद्या पतसंस्थेचे दप्तर आज अर्ध्या सेकंदात जाऊन पडत असेल, याची गंमत वाटते.

ॲमेझॉनने १४ मार्च २००६ रोजी सुरू केलेल्या 'एस-थ्री' या साठवणुकीचा टिकाऊपणा अकरा नवांचा सांगितला जातो: ९९.९९९९९९९९९ टक्के. त्याचा अर्थ ती कंपनी असा देते की एक कोटी वस्तू ठेवल्या तर दहा हजार वर्षांतून एखादी हरवेल. हे शक्य होते ते प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या इमारतींत विखरून ठेवल्याने, आणि तिच्या आशयावरून काढलेला एक ताळा तिच्याबरोबर ठेवून तो वारंवार पडताळून पाहिल्याने. एखाद्या डिस्कवर एक अक्षर जरी बिघडले तरी ताळा चुकतो आणि चांगल्या प्रतीवरून वाईट प्रत दुरुस्त केली जाते. परंतु हा आकडा डिस्क मरण्याविषयीचा आहे, माणसाच्या हाताविषयीचा नाही. अधिकार असलेल्या व्यक्तीने 'पुसा' म्हटले की साऱ्या प्रती तितक्याच निष्ठेने पुसल्या जातात. प्रत आणि राखीव नक्कल यांतला फरक येथे आहे.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत हेच घडले. दुय्यम डेटाबेसची मागे पडलेली प्रत नव्याने बांधण्यासाठी तिची निर्देशिका पुसावयाची होती; थकलेल्या तंत्रज्ञाने ती आज्ञा मुख्य यंत्रावर दिली आणि चूक ध्यानात येऊन हात आवरेपर्यंत सुमारे ३०० जीबींपैकी साडेचार जीबी उरले. मग राखीव नकला शोधू लागताच एकेक पडदा उठत गेला. रोज रात्री डेटाबेसची नक्कल काढून एस-थ्रीत ठेवणारे काम जुन्या आवृत्तीच्या साधनाने चालत असल्यामुळे फसत होते आणि तेथील कप्पा रिकामा होता. काम फसल्याची ई-पत्रे निघतही होती, पण पाठविणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून टपालाचे यंत्र ती परत लावीत होते. म्हणजे रखवालदार ओरडत होता, पण मधले दार बंद होते, आणि बाहेरच्यांना ऐकू येणारी शांतता ही सर्व ठीक असल्याची खूण ठरली. त्याच तंत्रज्ञाने सहा तास आधी वेगळ्याच कारणासाठी एक प्रत घेऊन ठेवली होती म्हणून त्या सहा तासांवर निभावले. दोष कळविणारे पत्र हा येथे उपाय नव्हता. रोज सकाळी 'काल रात्रीची नक्कल इतक्या आकाराची, ताळा बरोबर' असे कळविणारे पत्र मागितले असते आणि ते न आल्यास गजर व्हावा असे ठरविले असते, तर पहिल्याच सकाळी सारे उघडकीस आले असते. येथे गिटलॅबचे एक श्रेय नाकारता येत नाही: त्या कंपनीने आपली सारी फजिती तपशीलवार छापून जगापुढे ठेवली. आपल्याकडे अशा प्रसंगी 'तांत्रिक अडचण' एवढे दोन शब्द निघतात.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याहून भयंकर आहे, कारण तेथील दोष आराखड्यातच होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली, शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या, आणि सरकारी नोकरांची कागदपत्रे ठेवण्याचे 'जी-ड्राइव्ह' नावाचे ८५८ टेराबाइटचे भांडार जळाले. त्याची बाहेर नक्कल नव्हती. इतक्या मोठ्या साठ्याची नक्कल ठेवणे जमणार नाही असे आधीच ठरले होते. कर्मचाऱ्यांनी कागद आपापल्या संगणकावर न ठेवता तेथेच ठेवावेत असा शिरस्ता होता, हे वाचून तर मन विषण्ण होते. त्या भांडारावर देखरेख नव्हती असे नाही. डिस्क भरत किती आली, वेग किती, तापमान किती, हे कोठे तरी नक्कीच दिसत असणार. परंतु 'दुसरी प्रत कोठे आहे' हा प्रश्न कोणत्याही तक्त्यावर मांडलेला नसतो, तो माणसाने विचारावा लागतो. नक्कल आहे एवढ्यानेही भागत नाही. ती अधूनमधून एखाद्या रिकाम्या यंत्रावर उतरवून, उतारे निघतात का, बेरजा जुळतात का, हे पाहावे लागते.

देखरेखीचे आकडे पाहताना सरासरीपासून सावध राहावे. शंभर अर्जांपैकी अठ्ठ्याण्णव अर्ध्या सेकंदात आणि दोन चाळीस सेकंदांत गेले, तर सरासरी सव्वा सेकंदाच्या आसपास येते आणि मुंबईतील तक्ता हिरवागार दिसतो. म्हणून अर्ज लागलेल्या वेळेच्या क्रमाने लावून नव्व्याण्णवावा किती वेळात गेला हे पाहण्याची पद्धत पडली आहे. तो आकडा चाळीस सांगतो. ते दोन कोण, हे त्याहून महत्त्वाचे. ते योगायोगाने निवडलेले नसतात. बहुधा एकाच प्रकारच्या दुबळ्या जाळ्यावरचे, पालम किंवा सोनपेठकडच्या वाडीतले, तेच ते लोक असतात. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा मिळू लागला तेव्हा अखेरच्या दिवसांत केंद्रांवर उसळलेली गर्दी आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागणे, हे सर्वांच्या स्मरणात असेल. अशा दिवशी सर्व्हरच्या शेजारी उभे राहून घेतलेली मोजणी फारशी कामाची नसते. एक छोटे यंत्र तालुक्याच्या गावी, साध्या मोबाइलच्या जोडणीवर ठेवावे, त्याने दर पाच मिनिटांनी एक नमुना अर्ज उघडून पाहावा, आणि किती वेळ लागला ते लिहावे. याला खर्च किरकोळ येतो.

पहारा ज्याच्यावर ठेवायचा त्याच्याच खांद्यावर बसून तो ठेवू नये, हा धडा २८ फेब्रुवारी २०१७ रोजी खुद्द ॲमेझॉनला मिळाला. एका आज्ञेचा काही भाग चुकीचा लिहिला गेल्यामुळे ठरल्यापेक्षा अधिक सर्व्हर काढले गेले, एस-थ्रीची अमेरिकेतील एक शाखा सुमारे चार तास आजारी राहिली, आणि सेवांची प्रकृती जगाला सांगणारा त्यांचा फलकही एस-थ्रीवरच विसंबून असल्यामुळे सुरुवातीला बदलता येईना.

गजरांच्या अतिरेकाविषयी फार लिहीत नाही; ज्या कचेरीत प्रत्येक पत्रावर 'अत्यंत तातडीचे' असा लाल शिक्का असतो तेथे त्या शिक्क्याचे काय होते हे मराठी वाचकाला सांगावयास नको. ज्या गजरावर रात्री दोन वाजता उठून काही करण्यासारखे नाही, तो सकाळच्या यादीत टाकावा, इतके पुरे.

राहिला प्रश्न दप्तर किती काळ जपावयाचे याचा. महसुली अभिलेख कक्षात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गागणिक निराळ्या रंगाच्या कापडात त्यांचे गठ्ठे बांधतात. 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'ड' वर्षभराचा. क्लाउडच्या साठवणुकीतही तशीच उतरंड आहे: रोज लागणारे महाग कप्प्यात, क्वचित लागणारे स्वस्त कप्प्यात, आणि वर्षातून एकदा लागले तर लागले असे, बाहेर काढावयास काही तास घेणाऱ्या सर्वांत स्वस्त कप्प्यात. लॉगमधील पायरी सातची बडबड आठवडाभरापलीकडे ठेवण्यात पैसा वाया जातो. शिवाय दोष शोधण्यासाठी चालू केलेली ती बडबड बंद करावयाची राहून जाते, लॉग डिस्क भरून टाकतात, आणि डेटाबेसला आपली स्वतःची नोंद लिहावयास जागा न उरल्यामुळे तो थांबतो, हा अपघात या व्यवसायात इतका सामान्य आहे की नवशिक्याला पहिल्याच महिन्यात तो पाहावयास मिळतो. डिस्क ऐंशी टक्के भरली म्हणून गजर करण्यापेक्षा, आजच्या वेगाने ती किती तासांत भरेल हे काढून गजर केलेला बरा. वर्षभर ऐंशीवर स्थिर असलेल्या डिस्कची चिंता करण्याचे कारण नाही, आणि पन्नासावर असून तासाला दहा टक्के चढणारी डिस्क रात्रीच्या जेवणापर्यंत थांबत नाही.

अभिलेख कक्षातील 'ड' वर्गाचे कागद नष्ट करताना यादी होते, अधिकाऱ्याची मंजुरी लागते. क्लाउडमध्ये तेच काम दोन ओळींचा नियम करतो, आणि १८० दिवसांनी पुसण्याचा नियम चुकून खासरा पत्रकांच्या चित्रांच्या कप्प्याला लागला तर तो ते तितक्याच तत्परतेने पुसेल. त्यावर तोड म्हणून कप्प्यावर मुदतीचे कुलूप घालण्याची सोय आहे. त्याच्या कडक प्रकारात मुदत सरेपर्यंत खुद्द खात्याच्या मालकालाही पुसता येत नाही आणि मुदत कमीही करता येत नाही, म्हणून खंडणीखोर विषाणूंविरुद्ध ते फार उपयोगी पडते. मात्र एस-थ्रीत ही मुदत शंभर वर्षांपर्यंत घालता येते, आणि दिवसांच्या जागी वर्षे निवडली गेली तर, खाते बंद करीपर्यंत, त्या चुकीचे भाडे दरमहा भरत राहावे लागते. अशा कुलपाच्या हुकुमावर एकाची नव्हे, दोघांची सही असावी, आणि दुसऱ्याने फक्त मुदतीचा रकाना वाचावा.